मेलेलं बीज

मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो तेव्हा त्याचा नेमका अर्थ आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हता. आमचं घर कुरुंदवाडला. जैनाचं. शेती होती आणि जोडीला भुईमुगाच्या शेंगांचा व्यापार. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी गाळून प्यायचं, दिव्यावर किडे यायला लागले की दिवाच विझवायचा, अशा वळणात मी वाढलो. कॉलेजात मी बेडूक फाडले हे आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा कोल्हापुरात शिकतोय, मास्तर होणार, एवढं तिला पुरेसं होतं.

पण मास्तरकी मिळेना. वर्षभर मी शाळांचे उंबरे झिजवले आणि मग एक दिवस सरकारी पत्र आलं. कोल्हापूरच्या बाहेर एका मत्स्यबीज केंद्रात सहायकाची जागा होती. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, सरकारी नोकरीला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी अप्पांना म्हणालो, "सरकारी बीज केंद्रात नोकरी लागलीय."

अप्पा शेंगांच्या राशीपाशी उभे होते. म्हणाले, "कसलं बी? जुंधळ्याचं का शेंगाचं?"

"सगळंच असतंय," मी म्हणालो.

खरं सांगायचा तोच एक क्षण होता. मी तो घालवला. अप्पांनी गावात सांगितलं की पोरगा बियाण्याच्या खात्यात साहेब झाला. देवळातसुद्धा सांगितलं.

केंद्र म्हणजे एका तलावाच्या बांधाखाली ओळीनं खणलेली तळी, एक पत्र्याची शेड आणि दोन खोल्यांचं ऑफिस. आमचे साहेब रत्नागिरीकडचे, मऊ बोलणारे, पावसाळाभर गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून वावरणारे. पूर्वी माशांचं बीज कलकत्त्याहून रेल्वेनं यायचं, निम्मं वाटेतच मरायचं. आता ते इथंच तयार करायचं होतं. कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासे साठलेल्या पाण्यात स्वतःहून अंडी घालत नाहीत, त्यांना सुई टोचावी लागते. त्या सुईतलं औषध कुठून येतं हे मला पहिल्याच दिवशी दाखवण्यात आलं. दुसऱ्या माशाच्या डोक्यातून.

मासळी बाजारातून पाटीभर डोकी आणली होती. साहेबांनी सुरीनं एकाची कवटी वरून उडवली, मेंदू बाजूला सारला आणि चिमट्यानं एक पांढरा कण उचलून दाखवला. तिळाएवढा. तो स्पिरिटच्या बाटलीत टाकला आणि सुरी माझ्यापुढं धरली.

"जमणार नसेल तर आत्ताच सांगा," ते म्हणाले. "रागावणार नाही मी. इथं बऱ्याच जणांना जमत नाही."

मी सुरी घेतली. त्या दिवशी मी जेवलो नाही. कसबा बावड्यात मी खोली घेतली होती, तिथं मागच्या दारी बसून दोन घागरी अंगावर ओतून घेतल्या, तरी बोटांचा वास गेल्यासारखा वाटेना. पण दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्याही. आषाढात पहिल्यांदा सुई टोचलेली मादी मी कापडाच्या चौकोनी पिंजऱ्यात सोडली आणि पहाटे जाऊन बघतो तर पाण्यात साबुदाण्यासारखी अंडीच अंडी. दुसऱ्या सकाळी त्यातून बारीक काड्यांसारखे जीव वळवळत होते. त्यांना आमच्याकडं जिरे म्हणतात, अगदी तसेच दिसतात म्हणून. मी त्या पिंजऱ्याच्या काठावर किती वेळ बसून होतो कुणास ठाऊक. हातात धरता येणार नाहीत इतके जीव माझ्या हातून झाले होते. अप्पांना हे दाखवावं असं फार वाटलं. अर्थात ते शक्य नव्हतं.

जिऱ्यांचे पुढं अर्ध्या पेराएवढे मासे झाले की त्यांना बीज म्हणायचं आणि तलावात सोडायला द्यायचं. आमचं बीज ज्यांना जायचं त्यांत पन्हाळ्याच्या बाजूच्या एका तळ्यावरची भोयांची वस्ती होती. पंधरा-सोळा घरं. ही माणसं मुळात पंचगंगेच्या काठची, होडी आणि जाळं यांवर जगलेली. नदीवर जागोजाग बंधारे झाले, उन्हाळ्यात पाणी तुकड्यातुकड्यानं उभं राहायला लागलं, आणि नदीतली मासळी वर्षावर्षानं कमी होत गेली. का झाली यावर वस्तीत प्रत्येकाचं वेगळं मत होतं. शेवटी सरकारनं बांधलेलं एक नवं तळं त्यांनी सोसायटी करून घेतलं आणि तिथं राहायला आले. नव्या तळ्यात मासा नव्हताच. तो आम्ही द्यायचा. म्हणजे त्या पंधरा-सोळा चुली आमच्या त्या ओळीनं खणलेल्या तळ्यांवर चालायच्या. हे मला तेव्हा माहीत होतं, पण कागदावर माहीत असतं तसं.

सोसायटीचा म्होरक्या पन्नाशीचा होता, घसा बसल्यासारखा आवाज, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्याची थोरली बहीण विधवा. ती मासळीची पाटी घेऊन एसटीनं कोल्हापूरच्या बाजारात बसायची. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. आणि तिसरा तिथला राखणदार. तो कऱ्हाडकडचा, लग्न करून वस्तीतच राहिलेला घरजावई. तळ्याच्या बांधावर झोपडी घालून तो बायकोमुलांसह राहायचा आणि मासळीवर लक्ष ठेवायचा. कमी बोलणारा माणूस. मी गेलो की नुसतं "या सायेब" म्हणून घोंगडं अंथरायचा.

पहिल्या वर्षी आमचं बीज त्या तळ्यात चांगलं वाढलं. दुसऱ्या वर्षी मी ते घेऊन निघालो तो दिवस अजून डोळ्यापुढून हलत नाही.

श्रावण होता, पण चार दिवस पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन चटचट लागत होतं. बीज न्यायची पद्धत अशी, की प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात मासे, वर प्राणवायू भरून तोंड बांधायचं आणि ती पिशवी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. सकाळी थंड वेळेला निघायचं आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. आम्ही सकाळी सातला जीप भरली. मागं ट्रेलर, ट्रेलरमधे डबे, त्यावर ताडपत्री. मी आणि ड्रायव्हर. वाटेत शाहूपुरीत एका दुकानातून रबरी नळी घ्यायची होती, म्हणून थांबलो. दुकान नुकतंच उघडत होतं.

"अरे, तू हितं कसा?"

मागं वळून बघतो तर अप्पा. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. शेंगांच्या कामानं व्यापारी पेठेत आले होते.

"बरं झालं सापडलास. मी तुझ्या खोलीवरच निघालोतो. चल."

"कुठं?"

त्यांनी सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडं आमच्या लांबच्या नात्यातले एक जण राहायचे. त्यांच्याकडं सांगलीचे पाहुणे उतरले होते, मुलीला घेऊन. मुहूर्ताचं दिवाळीनंतर बघू, पण मुलगी बघून ठेवायची.

"अप्पा, मी कामावर हाय. गाडीत माल हाय."

अप्पांनी ट्रेलरकडं बघितलं. "काय माल?"

ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "बी हाय."

"मग बी काय पळून जातंय व्हय? अर्ध्या तासाचं काम हाय. चल."

ड्रायव्हरला मी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावायला सांगितली आणि अप्पांच्या मागं गेलो.

अर्धा तास म्हणता म्हणता साडेतीन तास गेले. मुलीचे मामा आले नव्हते, ते येईपर्यंत थांबावं लागलं. मग पोहे आले. मग अप्पा आणि मुलीचे वडील शेंगांच्या पिकावर बोलत बसले. त्यांनी मला विचारलं, "नोकरी कशात म्हणायची?" मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "बियाण्याच्या खात्यात. सगळ्या जिल्ह्याला ह्याच्याकडनं बी जातंय." मुलगी खाली मान घालून बसली होती. तिचा चेहरा मला आज आठवत नाही. खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर दिसत होतं, त्यावर ऊन पसरत चाललं होतं, ते मात्र आठवतं. दोनदा मी उठायला गेलो. दोन्ही वेळा अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडीत जिवंत मासे आहेत, उन्हात मरतील, एवढंच बोलायचं होतं. ते घर, ती माणसं आणि अप्पांचा तो हात, यांच्यात बसून मला ते वाक्य काढता आलं नाही.

बाहेर आलो तेव्हा लिंबाची सावली सरकून भिंतीपलीकडं गेली होती आणि ट्रेलर भर उन्हात उभा होता. ड्रायव्हर चहाच्या गाड्यावरून धावत आला.

"सायेब, डबं तापल्यात," तो म्हणाला. "सावली कुठं उरली न्हाय. मी दोनदा गल्लीत हुडकून गेलो. तुम्ही कुठल्या घरात गेलाय ठावं न्हवतं."

मी ताडपत्री उचलून एका डब्याला हात लावला आणि पटकन काढून घेतला. आत बघितलं नाही. "चल," म्हणालो.

तळ्यावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. अख्खी वस्ती काठावर जमली होती. बायकांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं होतं, म्होरक्याच्या हातात नारळ होता. सकाळी नऊपासून ते उभे होते. मी पहिला डबा उघडला. पिशवीतलं पाणी दुधाळ झालं होतं, वर फेस आला होता. बीज तळाला थर होऊन पडलं होतं, पोटं वर. वर दोन-चार मासे तोंड उघडून फिरत होते. दुसरा डबाही तसाच. तिसऱ्यात जरा जास्त हालचाल होती.

काय करायचं हे मला शिकवलेलं होतं. पिशव्या परत न्यायच्या, साहेबांना सांगायचं, जमल्यास दुसरं बीज आणायचं. पण ती हंगामातली शेवटची खेप होती, त्या वर्षी दुसरं बीज उरलं नव्हतं. आणि साहेब विचारणार होते की सातला निघालेली गाडी एकपर्यंत कुठं होती.

"पाणी जरा तापलंय," मी म्हणालो. "लगेच सोडायला हवं."

पिशव्या आधी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवून मग उघडायच्या असतात. मी तसं केलं नाही. मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि एकामागून एक पिशव्या ओतल्या, भराभर. श्रावणातलं गढूळ तांबडं पाणी. त्यात सगळं दिसेनासं झालं. म्होरक्यानं नारळ फोडला. राखणदारानं रिकाम्या पिशव्या गोळा केल्या. आक्का गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होती. ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, त्याकडं क्षणभर बघितलं आणि ओंजळ सोडून दिली. म्होरक्यानं पोच म्हणून कागदावर अंगठा उठवला. मला चहा दिला. तो मी प्यायलो.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं हे सांगायला हवं, कारण खरी चूक तिथं आहे. त्या दिवशीचं एक वेळ घाबरून झालं म्हणता येईल. पण दिवाळीच्या सुमारास म्होरक्या केंद्रावर आला आणि म्हणाला, "सायेब, एकडाव जाळं टाकून बघू का? कितपत वाढल्यात कळंल."

"नको," मी म्हणालो. "आता हलवलं तर वाढ खुंटते."

त्यात तथ्य नव्हतं. मी फक्त दिवस पुढं ढकलत होतो. तो साधा माणूस, मी शिकलेला. त्यानं मान डोलावली आणि गेला. वस्तीनं सगळा हिवाळा त्या तळ्यात जाळं टाकलं नाही. नदीवर जाऊन मिळेल तेवढ्या वामी आणि मरळ यांवर आणि उसाच्या तोडणीवर त्यांनी दिवस काढले. मोठा मासा तळ्यात वाढतोय, उन्हाळ्यात काढायचाय, या भरवशावर.

वैशाखात त्यांनी जाळी टाकली. मी त्या दिवशी तब्येतीचं निमित्त सांगून गेलो नाही. आठवड्यानं साहेब ऑफिसात म्हणाले, "तुमच्या त्या पन्हाळ्याच्या तळ्यावर चोरी झाली म्हणे. तीन दिवस जाळी ओढली आणि दोन पाट्या मासा निघाला. राखणदारानंच बाहेरच्यांना विकला असं ते म्हणतात. हाकलून दिलाय त्याला."

मी हातातला कागद खाली ठेवला.

तरीही मी गप्प राहिलो. पंधरा-वीस दिवस. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि संध्याकाळी खोलीवर परत यायचो. बावड्याच्या खोलीसमोर उसाचं रान होतं, त्या रानाकडं बघत बसायचो. वर्षभर लांबलेला सांगलीचा होकार त्याच दिवसांत आला, आणि अप्पांनी आनंदानं लिहिलेलं कार्ड माझ्या उशाखाली तसंच पडून राहिलं.

जूनमधे हंगाम तोंडावर आला आणि डोकी आणायला मी मासळी बाजारात गेलो. कोपऱ्यात आक्का बसली होती. पुढ्यात बर्फातला, रत्नागिरीहून ट्रकनं आलेला मासा. म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन ती विकत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"बसा की सायेब. डोकी पायजेत न्हवं?"

"आक्का, राखणदाराचं काय झालं?"

"काय हुयाचं?" ती मासा साफ करत म्हणाली. "पंच बसलं. त्यो म्हणला, म्या एक बी मासा इकला न्हाय. कोण ऐकतंय? परगावचा मानूस. सामान काढलं भाईर. बायको-पोरं घिऊन इचलकरंजीला गेलाय म्हणं, कापडाच्या मागावर."

"आक्का," मी म्हणालो, "त्यानं चोरी केली नाही. ते बीज मेलेलं होतं. मी मेलेलं बीज सोडलं."

तिची सुरी थांबली नाही. खवलं उडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय?"

"व्हंजळीत घेतलं हुतं की मी. पाच हुती, पाची मेल्याली. तुमच्या तोंडाकडं बगितलं तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? तेव्हा नाही तर नाही, पंच बसले तेव्हा तरी?"

आता तिनं वर बघितलं. राग नव्हता, पण मला तिच्या नजरेला नजर देववेना.

"काय बोलू? सरकारच्या मानसाला खोटं पाडू? पुढच्या साली बी कोण देनार आमाला? नदी ऱ्हायली न्हाय. तुमी दिलं तर तळ्यात मासा, न्हाय तर नुसतं पानी. आनि वाटलं, निम्मं तरी जगलं आसंल. माझ्या भावानं त्या मानसाचं भांडं-कुंडं भाईर फेकलं तवा मी दारात हुबी हुती. तुमी गप बसला, मी बी गप बसली."

तिनं साफ केलेला मासा पाटीत टाकला आणि म्हणाली, "आता सांगायचं आसंल तर मला नगा सांगू. वस्तीत येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. म्होरक्याच्या घरापुढं सात-आठ माणसं बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. उन्हात राहिलेली गाडी, पाण्यात ओतलेल्या पिशव्या, दिवाळीला जाळं टाकू नका म्हणालो ते. मुलगी बघायला गेलो होतो हेही सांगितलं. एका तरुणानं शिवी हासडली आणि उठला. म्होरक्यानं त्याला हातानं खाली बसवलं. मग म्होरक्या स्वतः काडीनं जमिनीवर रेघा ओढायला लागला.

"मेलं तर मेलं," तो म्हणाला. "मासा मरतोच की. तवाच सांगितलं आसतं तर आमी तळ्याच्या भरवशावर बसलो नसतो, दुसरीकडं पोट भरलं आसतं. वरीस वाचलं आसतं. आनि माझ्या हातनं ह्यो अधर्म झाला नसता."

"मी त्याला आणतो परत," मी म्हणालो.

"तुमी आना," म्होरक्या म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

इचलकरंजीत दोन दिवस विचारत फिरलो तेव्हा राखणदार सापडला. एका बोळात मागांचा खडखडाट इतका होता की तोंडाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं. तो मागापुढं उभा होता, केसांवर कापसाची पांढरी लव बसलेली. मला बघून सवयीनं "या सायेब" म्हणाला. ओठांवरूनच कळलं, आवाज पोचला नाही. मी त्याच्या कानाशी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागते यासारखी लाज नाही. त्यानं सुताचा धोटा बदलला, तुटलेला धागा जोडला, माग परत चालू केला. मग मला बोळाच्या तोंडाशी घेऊन आला.

"बरं झालं सांगितलंसा," तो म्हणाला. "घरात सांगतो. तिला बरं वाटंल. तिचा जीव मानत न्हवता, पर तिच्या मनात बी कुठंतरी आलंतं, ह्यानं इकला आसंल काय म्हणून."

"वस्तीवर चल. म्होरक्या वाट बघतोय."

"न्हाय सायेब." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "ज्यांच्यात धा वर्सं जेवलो त्येनी एका दिसात चोर म्हटलं. आता जाऊन त्येंच्यातच राखण करू? उद्या परत मासा कमी आला तर?"

त्यानं हात जोडले आणि आत गेला. मी एसटी स्टँडवर आलो.

तिथून केंद्रावर न जाता मी कुरुंदवाडला गेलो. अप्पा सोप्यात बसले होते, अव्वा आत. मी अप्पांना नोकरी काय आहे ते सांगितलं. सुई, डोकी, बीज, ती शाहूपुरीतली सकाळ. त्यांना समजायला वेळ लागला.

"म्हणजे मी तुला नेलं तवा गाडीत जीव हुतं?"

"व्हय."

"किती?"

"हजारो."

अप्पांचे हात मांडीवर होते, ते त्यांनी उचलून बघितले. "मी तुझ्या गुडघ्यावर हात ठिवला हुता," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं अप्पा."

"तू सांगितलं न्हाईस." ते उठून देवळात गेले. तीन दिवस उपास केला. मला घराबाहेर काढलं नाही, नोकरी सोड असंही म्हणाले नाहीत. फक्त सांगलीकरांना त्यांनी स्वतः जाऊन खरं सांगितलं, आणि ते स्थळ मोडलं. अव्वा पुढं कितीतरी वर्षं मी गेलो की माझं ताट निराळं ठेवायची. मी ते निमूट घ्यायचो.

साहेबांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी दोन शिव्या देऊन विषय संपवला असता." वरून ठपका आला. बदली होता होता राहिली, कारण हंगाम सुरू झाला होता आणि सुई टोचणारा दुसरा माणूस नव्हता.

त्या श्रावणात त्या तळ्यावर बीज घेऊन मलाच जावं लागलं. पहाटे निघालो, वाटेत कुठंही थांबलो नाही. काठावर नारळ नव्हता, हळदकुंकू नव्हतं. म्होरक्यानं सगळे डबे ओळीनं सावलीत उतरवून घेतले आणि म्हणाला, "थांबा. आधी आमी बघनार."

त्यांनी एकेक पिशवी उजेडाकडं धरली. आक्का प्रत्येक पिशवी हातात घेऊन हलवून बघत होती. एक पिशवी त्यांनी बाजूला काढली. मला ती बरी वाटत होती.

"ही नगं," आक्का म्हणाली.

"नको तर नको," मी म्हणालो आणि पोचेच्या कागदावर एक पिशवी कमी केली. मग पिशव्या पाण्यात तरंगत ठेवल्या आणि आतलं पाणी तळ्याइतकं गार होईपर्यंत सगळे काठावर बसून राहिलो. सोडून झाल्यावर म्होरक्यानं अंगठा दिला. चहा कुणी विचारला नाही. बांधावरची झोपडी रिकामी होती, कुडाचा एक कोपरा पावसानं खाली आला होता.

मासा आला. त्या वर्षी आणि पुढंही. मी त्या केंद्रावर आणखी बारा वर्षं काढली, आणि माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकाला त्या तळ्यावर डबे उघडून पिशव्या दाखवाव्या लागल्या. नव्या पोरांना तो अपमान वाटायचा. ते मला विचारायचे की हे लोक आपल्यावर विश्वास का ठेवत नाहीत. मी त्यांना घडलेलं सांगायचो, सगळं, गुडघ्यावरच्या हातासकट. काही जण ऐकून घ्यायचे. काही जण म्हणायचे, एवढ्याशा बीजाचं काय घेऊन बसलात.

राखणदार परत आला नाही. त्याची बायको वर्षातून एकदा माहेरी यायची, दिवाळीला, एकटी.